स्लो मोशन चित्रीकरणासाठी मोबाइल सुचवा (बजेट २० हजार)

नेटमधला बाबा: माझी १३ वर्षांची मुलगी मध्यमगती गोलंदाजी करते. चेंडू सोडताना तिचा पुढचा गुडघा वाकतो असे प्रशिक्षक सांगतात आणि तिला ते पटत नाही, म्हणून स्लो मोशन चांगले टिपणारा मोबाइल घ्यायचा आहे. २० हजारांच्या वर एक रुपयाही नाही. सध्याच्या मोबाइलवर इनडोअर नेटमध्ये काढलेले व्हिडिओ सारखे लुकलुकतात.

सफरचंदप्रेमी: आयफोनला पर्याय नाही. २०१४ सालच्या आयफोन ६ मध्येही सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, मिळत होत्या आणि माझा १६ प्रो तर फोर-के दर्जात १२० फ्रेम टिपतो. थोडे थांबा, पण तोच घ्या.

काटकसरी काका: २० हजारांत १६ प्रो कोणत्या दुकानात मिळतो तेही सांगा, म्हणजे आम्हीही रांगेत उभे राहू.

हौशी कोथरूडकर: ९६० फ्रेमवाला घ्या. माझ्या मोबाइलवर पाण्याचा फुगा फुटताना असा दिसतो की पाहुणे पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

जुना ऑफस्पिनर: खोक्यावरचा ९६० हा आकडा पाहून मीही फसलो. पुष्कळ स्वस्त मोबाइलमध्ये खऱ्या फ्रेम कमीच असतात आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने रचते, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या हाताच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. अशा व्हिडिओवरून चेंडू टाकताना कोपर सरळ होणे आयसीसीच्या १५ अंशांच्या मर्यादेत आहे की नाही हे ठरवणे म्हणजे पोरांवर अन्याय आहे.

काटकसरी काका: प्रश्न गुडघ्याचा आहे, कोपराचा नाही.

प्रकाशवेडा: लुकलुकण्यात मोबाइलचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना तो कळत नाही, पण जलद फ्रेममध्ये उमटतो. शिवाय २४० फ्रेम घेताना प्रत्येक फ्रेमला फार तर १/२४० सेकंद उजेड मिळतो, म्हणून सकाळच्या उन्हातच चित्रीकरण करावे. ताशी ८० किलोमीटर वेगाचा चेंडू ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला सुमारे ७४ सेंटिमीटर पुढे सरकतो, तर १२० फ्रेममध्ये साडेअठरा. गुडघा तर त्याहून सावकाश हलतो. आधी आहे त्याच मोबाइलवर १२० फ्रेमची सोय आहे का ते पाहा आणि तो क्रीजच्या रेषेत, बाजूने, कमरेच्या उंचीवर तिपाईवर ठेवा.

सफरचंदप्रेमी: उन्हाचे मीही सांगणारच होतो. तरीही आयफोन.

माजी यष्टिरक्षक: तिपाई जाळीच्या बाहेर ठेवा. मी आत ठेवली आणि भाच्याचा पहिलाच सरळ फटका स्क्रीनवर बसला. दुरुस्तीच्या खर्चात जुना मोबाइल आला असता.

नेटमधला बाबा: सर्वांचे आभार. काल सकाळी मैदानावर स्टुलावर वह्या रचून जुन्याच मोबाइलवर १२० फ्रेममध्ये चित्रीकरण केले. गुडघा वाकतो हे लेकीने एकदाचे मान्य केले. मात्र त्याआधी पुढचा पाय टेकताच चांगला चार बोटे घसरतो, हे प्रशिक्षकांनाही प्रथमच दिसले, कारण तिच्या बुटांचे तळ पार गुळगुळीत झाले आहेत. म्हणून मोबाइल राहू दिला आणि स्पाइक्सचे बूट घेतले.

सफरचंदप्रेमी: आयफोनवर घसरणे अधिक स्पष्ट दिसले असते.