पोरीच्या कोपराचे तीन आठवड्यांत ११ एक्सरे झाले, रेडिएशनचं टेन्शन घ्यावं का?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी ६ वर्षांची, रंकाळ्यावर सायकलवरनं पडली, हात टेकून पडली आणि कोपराच्या वरचं हाड मोडलं, सुप्राकॉन्डायलर का काय ते. ऑपरेशन करून दोन तारा घातल्यात, वर प्लास्टर. आता मुद्दा असा की पहिल्या दवाखान्यात दोन एक्सरे काढले, तिथनं दुसरीकडं गेलो तर म्हणाले आमच्याकडचेच पाहिजेत, परत दोन, वर चांगल्या हाताचे पण दोन तुलना करायला, ऑपरेशननंतर दोन, आठवड्यानं दोन, आणि एकदा ती हलली म्हणून फोटो हलला, तो परत एक. झाले ११. ऑपरेशन करताना ते सीआर्म मशीन लावतात, पडद्यावर चालू एक्सरे दाखवणारं, ते वेगळंच. आता पुढच्या मंगळवारी तारा काढायच्या आहेत आणि त्याआधी परत दोन सांगितलेत. आमच्या आईनं घर डोक्यावर घेतलंय, आता एक पण एक्सरे नको, पोरीला कॅन्सर करता काय म्हणून. खरं काय ते कुणी सांगेल का? डॉक्टरला विचारलं तर 'काय होत नाही ओ' एवढंच.

पेठेतला_गडी:
भावा एवढं कशाला, आमच्या तालमीतले वस्ताद हात बघूनच सांगतात मोडलंय का मुरगळलंय. आमच्या लहानपणी कुठला एक्सरे नि कुठलं काय, हळद-तेल लावून चोळायचं, बांबूच्या कामट्या बांधायच्या, विषय संपला.

अंधारखोली:
@पेठेतला_गडी वस्तादांचा मान ठेवून सांगतो, लहान पोराचं मोडलेलं कोपर चोळायचं नाही म्हणजे नाही. कोपराच्या पुढनंच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते, शेजारनं नसा जातात, आणि चोळून चोळून स्नायूतच हाड तयार होतं, मग कोपर जन्मभर वाकलेलं. अशी पोरं लै बघितल्यात मी, पालक सहा महिन्यांनी घेऊन येतात.

राजारामपुरीकर दादा, मी १४ वर्षं एक्सरे टेक्निशियन आहे, दिवसाला साठ-सत्तर फोटो काढतो, जरा हिशोब घालून सांगतो. रेडिएशन मोजायचं माप मिलीसिव्हर्ट. आपण काही न करता नुसतं घरात बसलो तरी जमिनीतनं, हवेतनं, खाण्यातनं, आकाशातनं वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतंच, ही जगाची सरासरी. हाताच्या नाहीतर पायाच्या एका एक्सरेचा डोस ०.००१ च्या आसपास. ११ झाले, म्हणजे ०.०११. वर्षाचे २.४ भागिले ३६५ करा, दिवसाला ०.००६६ येतं. म्हणजे तुमच्या पोरीला ११ फोटोंतनं जे मिळालं ते दोन दिवस नुसतं जगल्यावर मिळतं तेवढं पण नाही. सीआर्मचं थोडं जास्त धरा, पण तिथं पण किरण कोपरावरच. लहान पोरं मोठ्यांपेक्षा रेडिएशनला नाजूक असतात हे खरं, त्यात वाद नाही, पण आकडाच एवढा बारीक आहे.

एवढं कमी का, तर हात बारीक, मशीनला जोर कमी लावावा लागतो, किरण सेकंदाच्या बारक्या भागापुरते, आणि जे अवयव खरे नाजूक, म्हणजे पोट, छाती, थायरॉइड, ते त्या चौकटीत येतच नाहीत. बटण दाबायच्या आधी हातावर लाइटचा चौकोन पडतो बघा, तेवढ्यातच किरण पडतात. चौकोन लहान ठेवणं हे आमचं काम, आणि ते न करणारे पण आहेत, तिथं तुम्ही बिनधास्त बोला.

तारा काढायच्या आधीचा एक्सरे चुकवू नका. हाड धरलंय का ते बघितल्याशिवाय तारा काढल्या आणि हाड सरकलं तर परत ऑपरेशन. ११ मधले वाया गेलेले कुठले म्हणाल तर दुसऱ्या दवाखान्यातले परतचे. त्यात रेडिएशनपेक्षा तुमच्या खिशाला जास्त लागलं. फिल्म किंवा सीडी मागून घेत जावा, तो तुमचा हक्कच आहे.

राजारामपुरीकर:
दादा लै आभार, आईला हे वाचून दाखवतो. पण खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट आहे, पहिल्यांदा लिहायला धजलो नाही. आठवड्यानंतरच्या एक्सरेला मी कामावर होतो, शिरोली एमआयडीसीत, सुट्टी मिळाली नाही. मुलगी आत एकटी थांबेना, लै रडली, म्हणून बायकोनं हात धरून ठेवला. बायकोला चौथा महिना चालू आहे. तिला कुणी विचारलं नाही आणि किरण अडवणारा शिशाचा अॅप्रन पण दिला नाही. आता ती रात्री झोपत नाही. आईला हे माहीत नाही.

अंधारखोली:
आधी वहिनींना सांगा, बाळाला काही झालेलं नाही. किरण पोरीच्या कोपरावर होते, वहिनींच्या पोटावर नव्हते. पोटापर्यंत पोचतं ते विखुरलेलं, ते ०.०१ मिलीग्रेपेक्षा पण कमी (मिलीग्रे म्हणजे अंगात किती रेडिएशन शोषलं त्याचं माप, एक्सरेला मिलीसिव्हर्टएवढंच धरा). गर्भाला इजा होण्याची काळजी सुरू होते ५० ते १०० मिलीग्रेच्या पुढं. मधे किती शून्यं आहेत बघा. स्त्रीरोगतज्ज्ञांना पुढच्या तपासणीला एकदा सांगून ठेवा, त्या पण हेच म्हणतील.

पण चूक दवाखान्याची, स्पष्ट. बाईमाणूस आत येणार असेल तर 'दिवस गेलेत का' हे विचारायलाच पाहिजे, दारावर तसा बोर्ड असतो, आमच्याकडं मराठीत मोठ्या अक्षरात आहे. धरायला बाप, आजोबा, काका कुणी पण चालतं, आणि जो धरील त्याला लेड अॅप्रन. गंमत म्हणजे पेशंटला स्वतःला अॅप्रन घालायची पद्धत आता मागं पडत चाललीय, अमेरिकेतल्या मेडिकल फिजिक्सवाल्यांच्या संघटनेनं २०१९ ला सांगितलं की सरसकट झाकायची गरज नाही, उलट फोटोत अॅप्रन मधे आला की परत काढावा लागतो. पण धरणाऱ्याला अॅप्रन पाहिजेच.

मी स्वतः छातीला रेडिएशन मोजणारा बॅज लावतो, टीएलडी म्हणतात, तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. आम्हाला वर्षाला सरासरी २० मिलीसिव्हर्टची मर्यादा, एईआरबीचा, म्हणजे देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम. मी पडद्यामागं उभा असतो म्हणून बॅज जवळजवळ कोराच येतो.

ताराबाई_पार्क:
मी पण लिहितो थोडं. आमच्या ह्यांचा हायवेवर अॅक्सिडेंट झाला होता, मांडी मोडली, पण डोक्याला पण मार होता म्हणून डोक्यापासनं ओटीपोटापर्यंत सीटी केला. तो गरजेचाच होता, आत रक्तस्राव आहे का ते बघायला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं तर आधीची सीडीच मिळेना, मग परत तोच सीटी. नंतर एका नातेवाईक डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या पोटाच्या सीटीलाच ७-१० मिलीसिव्हर्ट जातात. माझं म्हणणं एवढंच, मांडीच्या एक्सरेंवरनं मी महिनाभर भांडले आणि सीटी दोनदा झाला तेव्हा तोंडातनं शब्द काढला नाही. (भांडले लिहिलंय बघा, ऑफिसात पुण्याच्या बायका आहेत त्याचा परिणाम.)

अंधारखोली:
ताई अगदी बरोबर जागा पकडली. घोट्याचा, मनगटाचा सीटी पण बारीकच असतो, पण खुबा, कंबर, पोट आलं की हिशोब बदलतो. तिथं विचारायचं, एमआरआय किंवा सोनोग्राफीवर भागतंय का, त्या दोन्हींत हे रेडिएशन नसतंच. पण अॅक्सिडेंटमधे वेळ नसतो, तिथं सीटीच.

पेठेतला_गडी:
बरं मग ते केरळात म्हणे वाळूतच रेडिएशन हाय?

अंधारखोली:
व्हय, करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर, मोनाझाइट नावाच्या खनिजाची वाळू, त्यात थोरियम, ते स्वतःच किरण सोडतं. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या लोकांचा मोठा अभ्यास झालाय, त्यामुळं कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. आपल्याकडचा काळा दगड त्या बाबतीत गरीब आहे.

राजारामपुरीकर:
अपडेट. मंगळवारी एक्सरे झाला, मी धरला, अॅप्रन मागून घेतला, लै जड असतो ओ तो. दोनच फोटोत काम झालं. हाड धरलंय, तारा काढल्या. पोरीनं फिल्म खिडकीला धरून बघितली आणि म्हणाली बाबा ह्यात माझ्या सुया दिसतात. तारा एका बारक्या बाटलीत घालून दिल्यात, शाळेत दाखवायला नेणार आहे. बायको डॉक्टरांना भेटून आली, आता झोपते. आईला अजून सांगितलेलं नाही. कोपर पूर्ण सरळ होत नाही अजून, त्याचं वेगळ्या धाग्यात विचारतो.