अटॅक कमी झाले नव्हते!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये धावपळ थांबली म्हणून हार्ट अटॅक घटले, असं काही जण म्हणतात. पटत नाही. घटले ते रुग्णालयात पोचणारे. इटलीतल्या लोम्बार्डीत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रकार (अटॅकमुळेही असं होऊ शकतं) आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्क्यांनी वाढले होते. (त्यातल्या बऱ्याच जणांना कोविड होता किंवा तसा संशय होता, हेही खरं.)

आमच्या काकांचंच घ्या. रात्रभर छातीत जळजळ, पण 'ॲसिडिटी असेल, हॉस्पिटलात गेलो तर कोरोना घेऊन येईन' म्हणत सोडा पीत बसले. सकाळी नेलं, तर आधी स्वॅब, मग ईसीजी. अँजिओप्लास्टीऐवजी (म्हणजे फुग्याने बंद रक्तवाहिनी उघडण्याऐवजी) गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. वाचले, पण हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला ते बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के, म्हणजे बरंच कमी. अजून जिन्यात मध्येच टेकतात.