अनुभव धागा: अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक, वाचक आणि सोबती

पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे, मुंबईत दादरला मुलींसाठी कमला मेहता अंधशाळा आहे. तिथून दहावी झालेली मुलं पुढे साध्या कॉलेजात जातात आणि खरी अडचण तिथे सुरू होते. ब्रेलमधली पुस्तकं मिळत नाहीत, नोट्स फळ्यावर असतात, परीक्षेला लेखनिक, म्हणजे विद्यार्थी तोंडी सांगेल ते उत्तर लिहून देणारा, शोधावा लागतो. मदत करू इच्छिणारे खूप असतात, पण काय आणि कसं करायचं ते नीट माहीत नसतं. ज्यांनी हे काम भरपूर केलं आहे त्यांनी इथे तपशीलवार लिहावं. आपल्याला किती समाधान मिळालं हे थोडं बाजूला राहू दे, नव्या माणसाला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं लिहा.

लेखनिक, कला शाखेचे पेपर

आधी कागदपत्रं. लेखनिकाची परवानगी परीक्षेच्या बरीच आधी घ्यावी लागते. ओळखपत्र, शिक्षणाचा पुरावा, फोटो आणि विद्यार्थ्याचा अर्ज तयार ठेवा. लेखनिकाचं शिक्षण किती असावं याचे नियम परीक्षेप्रमाणे वेगळे असतात. बोर्डाला सहसा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून दहावीच्या मुलाला पदवीधर ताई चालत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक नवीन असला तर त्याला हे ठाऊक नसतं, त्यामुळे परवानगीच्या पत्राची प्रत हातात हवी.

परीक्षेआधी निदान एकदा भेटून जुना पेपर सोडवा. या बैठकीत तीन गोष्टी ठरतात: सांगण्याचा वेग, पूर्णविराम-परिच्छेद तोंडी सांगायचे की लेखनिकाने समजून द्यायचे, आणि विषयातले अवघड शब्द. राज्यशास्त्राच्या पेपरला 'माँटेस्क्यू' हे विचारवंताचं नाव ऐनवेळी कसं लिहायचं यावर दोन मिनिटं जातात.

हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं फक्त वाचन. एकूण प्रश्न किती, कुठे 'कोणतेही दोन', कशाला किती गुण, हे सगळं आधी ऐकवा. नकाशा किंवा आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न छापला आहे का ते पाहा. तो बहुतेकदा मूळ प्रश्नाखाली बारीक अक्षरात असतो आणि नजरेतून सुटतो.

बहुपर्यायी प्रश्न वाचताना आवाज सांभाळा. आपल्याला उत्तर माहीत असेल तर बरोबर पर्यायापाशी आवाज नकळत किंचित थांबतो, आणि ऐकण्याची सवय असलेल्या मुलाला ते लगेच कळतं. चारही पर्याय एका सुरात, एका वेगात वाचायचे आणि पुन्हा विचारलं तर चारही पुन्हा वाचायचे. उत्तर चुकतंय हे दिसत असतानाही हात त्याच्याच शब्दांवर ठेवायचा. या कामातली सगळ्यात कठीण गोष्ट हीच आहे. वाक्य सुधारून लिहिणं हा दयाळूपणा वाटतो, पण त्या क्षणी पेपर त्याचा राहत नाही.

सर्वात जास्त गुण जातात ते प्रश्नक्रमांकामुळे. विद्यार्थी 'तिसऱ्यातला ब' म्हणतो, लेखनिक 3 लिहितो आणि 'अ'ची जागा धरून चालतो. क्रमांक लिहून मोठ्याने म्हणा, त्याने 'हो' म्हटल्यावरच पुढे जा. दर अर्ध्या तासाने वेळ आणि उरलेले प्रश्न सांगा, शेवटची पंधरा मिनिटं वाचून दाखवायला राखा. पेनं तीन न्या. चार तास लिहून अंगठ्याचं मूळ भरून येतं, तेव्हा अक्षर बिघडण्याआधी मिनिटभर थांबा. स्वतंत्र खोली मिळाली नाही तर दोघांना कुजबुजावं लागतं आणि मुलाचा घसा कोरडा पडतो, म्हणून पाण्याची बाटली त्याच्या उजव्या हाताशी ठेवून 'इथे आहे' असं सांगा.

आदल्या संध्याकाळी फोन करून 'येतोय' म्हणा आणि दुसरा मंजूर लेखनिक तयार ठेवा. लेखनिक आला नाही म्हणून वर्ष जाणं हे या मुलांच्या वाट्याला खरोखर येतं.

मराठीची शिक्षिका

वरच्या प्रतिसादाला जोडून शुद्धलेखनाचं. ब्रेल म्हणजे सहा टिंबांची मांडणी, आणि भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांना वेगळी चिन्हं आहेत. जी मुलं ब्रेलवर वाढली त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ बोटांना पाठ असतं. जी मुलं पहिल्यापासून फक्त ध्वनिफिती आणि मोबाइलवर शिकतात त्यांना 'दिन' आणि 'दीन' सारखेच ऐकू येतात. भाषेच्या पेपरला त्याचे गुण जातात. म्हणून वाचून दाखवताना नवा शब्द आला की एकदा अक्षरं फोडून सांगा: 'द वर पहिली वेलांटी'. लहान मुलाला मदत करणार असाल तर ध्वनिमुद्रण सोपं पडतं म्हणून ब्रेल सोडायला लावू नका. हे मी कळकळीने लिहिते आहे.

ध्वनिमुद्रण करणारा वाचक

स्टुडिओ लागत नाही, मोबाइल पुरतो. फोन तोंडापासून वीतभर, समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ यांची हवा माइकवर आदळत नाही. पंखा बंद. पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या, मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो. पहाटेची वेळ चांगली, सातनंतर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या येतात.

एका प्रकरणाची एक फाइल आणि नावात आकडा 01, 02 असा. नुसता 1, 2 ठेवला तर काही फोन 10 ला 2 च्या आधी लावतात. सुरुवातीला पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष सांगा. प्रत्येक पान उलटताना पानाचा क्रमांक म्हणा, कारण वर्गात सर 'पान 84 काढा' म्हणतात तेव्हा मुलाला तेवढाच आधार असतो. तळटीप आली की 'तळटीप' म्हणून वाचा आणि 'तळटीप संपली' म्हणा. तक्त्यात आधी रकाने किती आणि त्यांची शीर्षकं, मग एकेक ओळ. चूक झाली तर शब्दापासून नाही, वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा.

नाट्य टाळा. विद्यार्थी दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, चढउताराचं वाचन त्या वेगात फुटतं. सपाट, स्वच्छ वाचन हवं. मध्यम आकाराच्या पुस्तकाची साधारण 25 पानं तासाभरात होतात, त्यासाठी आधी नजर फिरवायला अर्धा तास धरा.

कायद्याचं: 2012 च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात दिव्यांगांसाठी वाचनसुलभ प्रती करायला मुभा आहे. ती त्यांच्यापुरतीच, त्यामुळे फाइल यूट्यूबवर सर्वांसाठी टाकू नका.

टंकन आणि स्कॅनिंग

कॉलेजकडून आलेल्या जुन्या नोट्स कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण एनव्हीडीएसारखं वाचक सॉफ्टवेअर त्याचं निरर्थक इंग्रजी अक्षरांत वाचन करतं. आधी युनिकोडमध्ये बदला. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफही त्याला कोरीच. 300 डीपीआयला स्कॅन करून सॉफ्टवेअरने अक्षरओळख (ओसीआर) करा आणि मग हाताने तपासा. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत: ध-घ, भ-म, ख चा 'रव', आणि गळालेले अनुस्वार. शीर्षकं ठळक करून भागत नाही, वर्डमधली शीर्षकाची शैली लावा. तरच एका कळीने प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते.

कॉलेजातली सोबत

आधी आपलं नाव सांगा. हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. विद्यार्थी ते धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. अरुंद जागेत तोच हात पाठीमागे न्या, त्याला कळतं की मागोमाग यायचं आहे. जिन्यापाशी क्षणभर थांबून 'चढायचा' किंवा 'उतरायचा' म्हणा, शेवटची पायरी सांगा. खुर्चीत बसवू नका, खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात टेकवून द्या, बाकीचं तो बघतो. अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट: एकतर पूर्ण उघडं, नाहीतर बंद. निघताना 'मी जातेय' म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो. आणि कॅन्टीनवाल्याने 'यांना चहा हवा का?' असं तुम्हाला विचारलं तर उत्तर देऊ नका, त्यालाच देऊ द्या.

जेवणाचं ताट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायची पद्धत सगळीकडे शिकवतात. मराठी घरात वाढलेल्याला तिची गरज कमी पडते. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, हे त्याला माहीतच असतं. नेहमीसारखं वाढा, फक्त बदल असेल तेवढा सांगा, आणि गरम वाटी कुठे आहे ते.

घरी पत्रं आणि औषधं वाचून देणारी

छोटीच भर. पत्र फोडण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव सांगा आणि 'वाचू का?' विचारा. वाचलेलं बाहेर बोलायचं नाही, पिन विचारायचा नाही आणि दिला तरी ऐकायचा नाही. औषधांच्या पट्ट्यांना रबर लावा: सकाळचीला एक, रात्रीचीला दोन. मुदत संपायची तारीख वाचून दाखवा. गोळी कापून देऊ नका, तारीख पट्टीच्या कडेला छापलेली असते आणि ती आधी फेकली जाते. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप 2020 पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं. ते फोनमध्ये टाकून दोन-तीन नोटांवर सराव करून द्या, म्हणजे रिक्षाचे पैसे देताना नोट ओळखायला कुणाची वाट पाहावी लागत नाही.

लेखनिक, पुन्हा एकदा

एक राहिलं. निकालानंतर पुनर्परीक्षेची तारीख लागते तेव्हा बहुतेक लेखनिक आपापल्या परीक्षेत किंवा गावी असतात. विषय राहिला असेल तर फॉर्म भरण्याच्या दिवशीच तारखा विचारून डायरीत लिहा आणि परवानगीचा अर्ज त्याच फेरीत देऊन या.