एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स: डिग्री करू का डिप्लोमा? आणि आजीची रेडिएशनची भीती

मंगळवेढ्याची
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी. नीटला मार्क कमी पडले आणि परत वर्षभर घरी बसायचं नाही असं ठरवलंय कारण माझ्या मागे अजून दोन भावंडं शिकायची आहेत. मागच्या वर्षी बाबांचा पाय मोडला तेव्हा सोलापूरला एक्स-रे काढायला नेलं होतं, बाबांना पाय कुशीवर वळवताच येत नव्हता, नुसता हात लावला तरी ओरडत होते, तर तिथल्या ताईंनी पाय जागचा हलवलाच नाही, टाचेखाली उशी सरकवली, प्लेट पायाला लागून उभी केली आणि वरचं मशीनच आडवं फिरवून घेतलं. दोन मिनिटात काम झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

आता अडचण अशी की जवळच्या शहरातली एक संस्था एका वर्षात डिप्लोमा देते म्हणते, फी ८५ हजार, नोकरीची हमी, आणि बाबा ज्वारीचे पैसे आले की भरू म्हणतायत. दुसरीकडे एका सरांनी सांगितलं की डिग्री कर, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. चार वर्षं म्हणजे खूप वाटतात घरी. आणि आजीचं वेगळंच, ती म्हणते ह्या कामात रेडिएशन असतं, पोरीला पुढे मूल होणार नाही, लग्नाला अडचण येईल, आणि रात्रपाळी करायला लागेल. आई पण आता तिच्याच बाजूने बोलायला लागलीये. कुणी ह्या लाईनमध्ये असाल तर खरं काय ते सांगा प्लीज.

डार्करूम_ते_डीआर
ताई, मी या कामात एकोणीस वर्षं आहे, सुरुवात डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून केली, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आधी त्या एक वर्षाच्या डिप्लोमाचं. २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, त्यात आपलं क्षेत्र पण आहे. त्या कायद्याप्रमाणे टेक्निशियन, टेक्नॉलॉजिस्टचं शिक्षण निदान २००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांचं लागतं, आणि त्याच्या वरच्या डिग्रीला निदान ३६०० तास, तीन ते सहा वर्षं. एका वर्षाचं सर्टिफिकेट यात कुठे बसतं ते त्या संस्थेलाच विचार, आणि उत्तर तोंडी नको, लेखी माग. ज्वारीचे पैसे त्याआधी भरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तुझ्या सरांनी सांगितलं ते बहुतेक बीपीएमटी असणार, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा कोर्स, सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये पण असतो, त्यात रेडिओग्राफी वेगळी आणि रेडिओथेरपी वेगळी. फॉर्म भरताना नीट बघ, रेडिओथेरपी म्हणजे कॅन्सरला रेडिएशनने उपचार करणं, ते पण चांगलं काम आहे पण तुला जे बघून आवडलं ते हे नाही. दरवर्षी एकदोन मुलं तरी चुकीच्या शाखेला येऊन बसतात. डीएमएलटी म्हणजे रक्तलघवीची लॅब, तो तर तिसराच विषय.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा बिल्डिंग बघू नकोस, त्यांचा दवाखाना बघ. सकाळी दहा वाजता एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बस आणि तासाभरात किती पेशंट आत जातात ते मोज. हे काम वहीत शिकता येत नाही. छातीचा साधा एक्स-रे घे, पुस्तकात चार ओळी आहेत: पेशंट उभा, किरण सोडणारी ट्यूब १८० सेंटीमीटरवर, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात, मोठा श्वास घेऊन रोखायचा. आता समोर सत्तरीचे आजोबा येतात, पाठीला बाक, कानाला कमी ऐकू येतं, गळ्यात ताईत, आणि 'श्वास रोखा' म्हटलं की नेमका सोडतात. मी 'दम धरा आजोबा, विहिरीत बुडी मारताना धरता तसा' असं सांगायला लागलो तेव्हा कुठे एका फटक्यात एक्स-रे यायला लागले. रिपीट झाला की पेशंटला दुसऱ्यांदा रेडिएशन, म्हणून पहिलाच बरोबर यायला पाहिजे, सगळी कला तेवढ्यासाठी आहे. ताईत, कमरेचा करदोडा, ब्लाऊजच्या पिना, सगळं काढलंय का ते आपणच बघायचं. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात द्या म्हटलं की काढतात. आणि डावी उजवी खूण, एल का आर, ती विसरायची नाही. शिकत असताना मी एकदा विसरलो होतो, डॉक्टरांनी वेळेवर पकडलं म्हणून निभावलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, रेडिएशन फिजिक्स असतं. केव्हीपी आणि एमएएस हे दोन शब्द तुझ्या अंगात भिनले पाहिजेत, केव्हीपी म्हणजे किरण किती आरपार जाणार आणि एमएएस म्हणजे ते किती निघणार. पुढे सीटी, एमआरआय, डाय देऊन करायच्या तपासण्या. फक्त सोनोग्राफी आपल्या हातात येत नाही, आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा आहे १९९४ चा, त्यामुळे ती त्यासाठी पात्र असलेले डॉक्टरच करतात. कुठली संस्था 'सोनोग्राफी पण शिकवू' म्हणाली तर तिथून उठून ये.

वऱ्हाडची_माय
पोरी, आजीच्या प्रश्नाचं मी सांगते, कारण माझ्या सासूबाई पण हेच म्हणायच्या. मी अकरा वर्षांपासून एक्स-रे अन् सीटीवर आहे, दोन लेकरं आहेत, दोघं पण नोकरीत असतानाच झाले.

आजीला पहिले हे सांग की मशीन सतत रेडिएशन सोडत नाही. बटण दाबलं तेवढाच सेकंदाचा भाग, तो पण पुरा नाही, अन् बटण सोडलं की संपलं, लाईट बंद केल्यावर उजेड खोलीत राहत नाही तसंच. त्या वेळी आपण शिशाच्या आडोशामागे असतो. वॉर्डात पोर्टेबल मशीन नेतो तेव्हा आडोसा नसतो, मग शिशाचा एप्रन घालायचा, 'एक्स-रे' म्हणून मोठ्यानं आवाज द्यायचा म्हणजे नर्स बाजूला होतात, अन् वायर ताणून जेवढं लांब होता येईल तेवढं लांब उभं राहायचं. अंतर दुप्पट केलं की रेडिएशन पाव होते, अर्धं नाही, पाव. हे फिजिक्स परीक्षेपुरतं नसते, रोज लागते.

मग बॅज. छातीवर एप्रनच्या आतून एक छोटा बॅज लावतो, टीएलडी म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जाते अन् तुझ्या अंगावर किती आलं त्याचा रिपोर्ट येते. आपल्यासाठी एईआरबीची, म्हणजे केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगावर आलेलं रेडिएशन मोजायचं माप), अन् कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट काम करणाऱ्याचा रिपोर्ट त्याच्या आसपास पण जात नाही, माझे सगळे रिपोर्ट मी फाईलला लावून ठेवलेत. एक सांगते, हवेतून, जमिनीतून, खाण्यातून जगात सरासरी माणसाला वर्षाला दोन-तीन मिलिसीव्हर्ट मिळतेच, एक्स-रेच्या खोलीत पाय न ठेवता.

दिवस गेले की लपवायचं नाही, लगेच लेखी कळवायचं. कळवल्यापासून बाळंत होईपर्यंत पोटातल्या बाळासाठी १ मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, त्याप्रमाणे ड्युटी बदलून द्यावी लागते. मला पहिल्या वेळी एका खाजगी ठिकाणी बदलून दिली नाही, 'माणसं कमी आहेत' म्हणून टाळत राहिले, मी नोकरी सोडली. दुसऱ्या ठिकाणी न मागता दिली. म्हणून कॉलेज पाहाशील तेव्हा स्टुडंटला पण टीएलडी बॅज देतात का हे विचारच. ज्याला विद्यार्थ्याच्या बॅजचे पैसे जड होतात तो बाकी काय शिकवणार.

अन् या कामात पोरी का पाहिजेत ते पण ऐक. पोटाचा, कमरेचा एक्स-रे काढायच्या आधी बाईला पाळीची तारीख विचारावी लागते, पोटात बाळ असलं तर एक्स-रे लांबवायचा का ते डॉक्टरांना विचारता येते. एक दिवस बावीसेक वर्षांची सून आली, कंबर दुखते म्हणून, सोबत सासू अन् नवरा. मी विचारलं तर सासूच बोलली, 'तसं काही नाही, काढा तुम्ही.' ती खाली मान घालून उभी. मी तिला गाऊन द्यायच्या निमित्तानं कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं, परत विचारलं. दीड महिना झाला होता. सांगायची भीती वाटत होती तिला, कारण आधीचं एक पडलं होतं. एक्स-रे थांबवला, डॉक्टरांना सांगितलं, तपासणी केली, खरंच दिवस होते. तिथे माझ्या जागी पुरुष असता तर त्यानं काय केलं असतं? हे आजीला सांग, आजीला बरोबर समजेल.

बार्शी_लाईट
वरच्या दोघांचं बरोबर आहे पण प्रत्येकाला चार वर्षं परवडत नाहीत हे पण लक्षात घ्या. मी दोन वर्षांचा डिप्लोमा केला, २०१६ ला साडेसात हजारावर लागलो, आज तालुक्याच्या गावात एका सेंटरवर आहे आणि घर चालतंय. पण माझा दवाखाना मोठा होता, कॉलेजच्या दोन वर्षांत हाताखालून हजारो एक्स-रे गेले, म्हणून टिकलो. दोन वर्षांचा करायचा तर तसाच कर, एका वर्षाचा आणि दवाखान्याशिवायचा अजिबात नको. आमच्याकडे असा एक मुलगा आला होता, सर्टिफिकेट चकचकीत, पण कॅसेट, म्हणजे एक्स-रेची प्लेट, कुठल्या बाजूने लावायची ते माहीत नव्हतं. त्याची चूक नाही, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. पैसे मात्र बापाने भरले होते.
आणि रात्रपाळी असतेच, ती टळत नाही, घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांग. अ‍ॅक्सिडेंट रात्रीच येतात.

डार्करूम_ते_डीआर
@बार्शी_लाईट बरोबर, दोन वर्षांच्या डिप्लोमाला माझा विरोध नाही. पण वरची जागा, सीटी एमआरआयचं इन्चार्जपद, शिकवण्याचं काम, तिथे डिग्री विचारतात. ताईचं वय अठरा आहे, जमत असेल तर डिग्रीच कर म्हणेन.

एक राहिलं. एमआरआय शिकताना सगळ्यात आधी हे शिक की त्याचं चुंबक कधीच बंद नसतं, पेशंट नसला, रात्र असली तरी. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला पेशंटचा नातेवाईक मशीनकडे ओढला जाऊन दगावला. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं म्हणून लोक त्याला साधं समजतात. दारात कोण उभं आहे, त्याच्या खिशात काय आहे, हे बघणं आपलं काम, आणि तिथे कुणाच्याही दबावाला बळी पडायचं नाही.

दुबईकर_सावंतवाडी
थोडक्यात लिहितो, ड्युटीवर जातोय. बाहेर यायचा विचार असेल तर आत्तापासून प्रत्येक कागद सांभाळ. गल्फमध्ये लायसन्ससाठी डेटाफ्लोवाले, म्हणजे कागद तपासणारी कंपनी, थेट तुझ्या कॉलेजला आणि विद्यापीठाला विचारतात की ही मुलगी तुमच्याकडे शिकली का, मग परीक्षा. माझ्याबरोबरच्या एकाचं इन्स्टिट्यूट तोपर्यंत बंद झालेलं, उत्तर द्यायला कुणीच नाही, बिचारा सहा महिने थांबून परत गेला. इंग्लंडला एचसीपीसीचं, म्हणजे तिथल्या नोंदणी संस्थेचं रजिस्ट्रेशन असल्याशिवाय रेडिओग्राफर म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे विद्यापीठाचा शिक्का असलेली डिग्री घे, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणि केलेल्या कामाची नोंदवही जपून ठेव.

मंगळवेढ्याची
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय कारण खरंच जाऊन बघून आले. आधी त्या संस्थेत गेलो, बाबांनी लेखी मागितलं तर 'ऑफिसमधून फोन येईल' म्हणाले, अजून आलेला नाही. मशीन बघायचं म्हटलं तर एकच होतं आणि त्यावर चादर टाकलेली होती.

मग मेडिकल कॉलेजला गेलो. मी खरंच बाकड्यावर बसून मोजलं, दहा ते अकरामध्ये ३४ पेशंट. तिथे शेवटच्या वर्षाची एक ताई भेटली, तिने भिंतीवरची बॅजची पाटी दाखवली, प्रत्येकाचं नाव, विद्यार्थ्यांची पण. आजी बरोबर आली होती, हट्टाने. तिने त्या ताईला एकच विचारलं, 'तुझी पाळी नीट येते का गं?' मला लाजेने मेल्यासारखं झालं, पण ती ताई हसली नाही, आजीला खुर्ची दिली आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं, वऱ्हाडच्या माय नी सांगितलं तेच जवळजवळ. परत येताना एसटीत आजी म्हणाली, फॉर्म भर.

डिग्रीचा फॉर्म भरलाय, लिस्ट लागायची आहे. आता भीती फक्त अ‍ॅनाटॉमीची, सगळं इंग्रजी, हाडांची नावं बघूनच घाबरायला होतं. आत्तापासून काय करू?

वऱ्हाडची_माय
शाब्बास. आजीला माझा नमस्कार सांग.

पाठांतर नको करू, अंगावर शोध. कमरेवर हात ठेवून उभी राहा, हाताखाली जी हाडाची कड लागते ती इलियाक क्रेस्ट, त्याच रेषेत मागे कमरेचा चौथा मणका, एल फोर. कोपराचं टोक ओलेक्रेनॉन. गुडघ्याची वाटी पटेला. मान खाली घातल्यावर मागून जे हाड वर येते ते सी सेव्हन, म्हणजे मानेचा शेवटचा मणका. रोज पाच, मोठ्यानं नाव घेऊन. बारीक माणसात लवकर सापडतात, सी सेव्हन पहिले आजीच्या मानेवर शोध.

मंगळवेढ्याची
सापडलं!! आजी विचारतेय आता पुढचं कुठलं.

वऱ्हाडची_माय
पाठीवरचं खांद्याचं पातं. त्याचं खालचं टोक बोटानं पकड, तिथे मागे टी सेव्हन, पाठीचा सातवा मणका.