गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी: बायका टाळतात, काय बोलावं?

रात्रपाळी_सिस्टर:
मी स्त्रीरोग ओपीडीला नर्स आहे. बायका बीपी, पाळी, बाळाची लस यासाठी आलेल्या असतात तेव्हा मी पॅप स्मिअरचा (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन करायची तपासणी) विषय काढते, पण बहुतेक जणींचं उत्तर ठरलेलं, मला काही त्रास नाही, पुढच्या वेळी बघू, घरी विचारून सांगते. पत्रकं दिली, पोस्टर लावलं, समजावून झालं, मान डोलावतात आणि जातात. वाईट याचं वाटतं की पेशींतला बदल आधीच सापडला तर हा आजार टाळता येतो आणि आमच्याकडे येतात त्या अंगावरून रक्त जायला लागल्यावर. तुम्ही नक्की काय बोलता ते शब्दच सांगा प्लीज.

जुनी_ओपीडी:
सिस्टर, "मला त्रास नाही" म्हणाली की मी म्हणते, म्हणूनच आज करायची ताई, त्रास नसतानाच ही तपासणी कामाची. "कॅन्सरची टेस्ट" हा शब्द मी आधी वापरतच नाही कारण तो ऐकला की पुढचं काही कानात शिरत नाही. एचपीव्हीची (संबंधातून पसरणारा व्हायरस, ज्यातून हा कॅन्सर होतो) लागण बहुतेकींची दोनेक वर्षांत आपोआप जाते, जिची टिकून राहते तिच्या पेशी हळूहळू बदलतात आणि कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात (प्रतिकारशक्ती कमी असेल तर लवकर), म्हणजे पकडायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो. हे मी असं सांगते, "पिशवीच्या तोंडावर काही बदल सुरू झालाय का ते बघायचं, असलाच तर तेवढाच भाग काढता येतो, पिशवी काढावी लागत नाही." पिशवी काढतील ही भीती खूप जणींच्या मनात असते पण बोलून दाखवत नाहीत.
आणि पाळी गेलेल्या मावशींना सोडू नका, त्यांना वाटतं आता आपला काय संबंध. एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागतेच, लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

नको_म्हणणारी:
मी नर्स नाही, टाळणाऱ्यांपैकी आहे म्हणून लिहिते. पहिल्यांदा गेले तेव्हा पडदा अर्धवट ओढलेला, कोणीतरी दार उघडून आत आलं, आणि मी आकसले तर "एवढं काय त्यात, मुलं झालीत ना तुम्हाला" असं ऐकावं लागलं. त्यानंतर सहा वर्षं मी गेले नाही. मला माहिती सगळी होती हो, माहिती कमी पडली नव्हती. दुसऱ्यांदा ज्या सिस्टर होत्या त्यांनी आधी दाराला कडी लावली, अंगावर घ्यायला चादर दिली, ते प्लास्टिकचं चोचीसारखं यंत्र माझ्या हातात देऊन उघडून मिटून दाखवलं, कोमट पाण्यात धरलं आणि म्हणाल्या, "थांब म्हणालात की मी थांबणार." मी एकदा थांब म्हणाले आणि त्या खरंच थांबल्या. मग दोन मिनिटांत झालं.

रात्रपाळी_सिस्टर:
ताई, हे वाचून पोटात कालवलं, आमच्याकडे पण कडी लावायचं राहून जातं कधी कधी. उद्यापासून नाही राहणार.

गावोगावी:
जिला आतून तपासणी नकोच असते तिला स्वतः नमुना घेता येतो हे सांगा, तुमच्याकडे ती सोय असेल तर. एचपीव्ही टेस्टचा (तो व्हायरस आहे का ते बघणारी तपासणी) स्वॅब, म्हणजे नमुना घ्यायची काडी, योनीत फिरवून तिनेच द्यायचा, जागतिक आरोग्य संघटनाही हे चालतं म्हणते. त्यांच्या हिशोबाने ३० वर्षांपासून सुरू करायची आणि एचपीव्ही टेस्ट नॉर्मल असेल तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा, एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि लवकर लवकर. दरवर्षी यावं लागणार नाही हे कळलं की निम्मा विरोध गळतो.
पण माझ्या मते सगळ्यात नाजूक जागा रिपोर्टची आहे. पॉझिटिव्ह आला की बाई पहिल्यांदा विचारते, म्हणजे नवरा बाहेर जातो का? किंवा नवरा तिच्यावर संशय घेतो. हे नमुना घेण्याआधीच सांगून ठेवायचं की हा व्हायरस शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, कुणाकडून कधी आला ते रिपोर्ट सांगत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. रिपोर्ट कधी आणि कोण देणार तेही सांगा, फोन घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर चालेल का हे विचारून घ्या. एवढं एक चुकलं की ती पुढच्या उपचाराला येत नाही आणि मग तपासणी करून काय उपयोग?

जुनी_ओपीडी:
अगदी. आणि पाळी चालू असेल तर नुसतं परत पाठवू नका, तिथेच पुढची तारीख लिहून द्या. आदले दोन दिवस संबंध नको, योनीत औषध नको, आतून धुणं नको, हेही त्याच कागदावर.

रात्रपाळी_सिस्टर:
आठवड्याने लिहितेय. एक मावशी तीनदा नाही म्हणाल्या होत्या. या वेळी समजावलं नाही, फक्त विचारलं की मावशी, भीती कशाची वाटते? बराच वेळ गप्प बसल्या मग म्हणाल्या, बाळंतपणात टाके घालताना ओरडले होते तेव्हा खूप बोलले होते गं मला. कडी लावली, यंत्र हातात दिलं, एकदा थांबले. झाल्यावर साडी नीट करता करता म्हणाल्या, जावेला पण आणते, तुझी ड्युटी कुठल्या वारी असते?