सामाईक बोळातून गाडी नेतो, शेजारी घर विकतायत, कागद काय करावा?

मिरजकर:
आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घरामधे दहा फुटी बोळ आहे, हद्द मधोमध, म्हणजे पाच फूट त्यांचे पाच आमचे, दोघांच्या गाड्या त्यातूनच मागच्या शेडला जातात. बाबांनी आणि काकांनी 1998 ला तोंडी ठरवलं, कागद शून्य. आता काका घर विकून मुलाकडे पुण्याला चाललेत. नवीन माणसानं मधे भिंत घातली तर गाडी संपली. काका म्हणतात 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो. चालेल का?

काळा कोट:
नोटरीनं सही खरी ठरते, हक्क तयार होत नाही. वहिवाटीचा हक्क लिहून घ्यायचा तर दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. आणि शब्द जपून, 'गाडी नेऊ देतो' लिहिलंत तर ती नुसती परवानगी, नवीन मालकावर बंधनकारक नाही. त्यांच्या पाच फुटांवर तुम्हाला हक्क, तुमच्या पाचांवर त्यांना, असं दोन्हीकडून लिहा, नकाशा जोडा.

तात्या:
कशाला खर्च, 20 वर्षं वापरलं की हक्क आपोआप, 1882 च्या सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वहिवाटीचा हक्क) कायद्यातच आहे.

काळा कोट:
तात्या, आपोआप काही नसतं हो. वापर उघड, अखंड आणि हक्कानं लागतो. इथं दोघांनी ठरवून वापरलंय, समोरचा वकील पहिलं हेच म्हणणार की मेहेरबानीनं जात होते. मग कोर्टात अजून 20 वर्षं.

रानवाट:
आमचा शेतरस्ता अडवलेला तो तहसीलदारांनी मोकळा करून दिला, मामलेदार कोर्ट कायदा, सहा महिन्यांच्या आत अर्ज. पण ते शेतीच्या वाटेला, घराच्या बोळाला नाही.

सासुरवाडी सातारा:
आमच्याकडे कागद होता तरी भांडण झालंच, कारण गाडी न्यायचं लिहिलेलं, लावायची नाही हे लिहिलंच नव्हतं, दर रविवारी त्यांचे पाहुणे आणि आम्ही आत अडकलेलो. गेटची किल्ली, गटाराचं झाकण फुटलं तर खर्च कुणाचा, सगळं लिहा.

मिरजकर:
काकांचा एजंट म्हणतोय असा दस्त केला की घराचा भाव पडेल.

काळा कोट:
उलट आहे. गिऱ्हाईकाला तुमचे पाच फूट वापरायला मिळतायत, नाहीतर त्याचीही गाडी बाहेरच. फक्त विसार व्हायच्या आधी उरका.

मिरजकर:
हे पटलं काकांना. मोजणीचा नकाशा माळ्यावर आहे म्हणतात, उद्या शिडी लावतो.