वर्गात पुस्तकांचे रॅक ठेवले तर स्लॅबला झेपतील का?

पानोपानी: आमच्या डिपार्टमेंटला दुसऱ्या मजल्यावरचा एक वर्ग रिकामा पडलाय, तिथं जुने थिसिस आणि जर्नल्सचे रॅक हलवायचं चाललंय. मी लायब्ररीत काम करते, इंजिनिअरिंगमधलं फारसं कळत नाही, पण सारखी धाकधूक वाटतेय. सगळे म्हणतात याच खोलीत साठ पोरं बसायची तेव्हा काही झालं नाही, आणि तसंही वजन अख्ख्या बिल्डिंगवर वाटलं जातं. खरंय का हे? रॅक भिंतीला लावले तर चालेल?

सिव्हिलकर: धाकधूक वाटतेय ते बरोबरच आहे ताई. साठ पोरं म्हणजे चारेक टन, तेही खोलीभर पसरलेले. आता कागद बघा. ए-फोरचं 500 पानांचं रीम अडीच किलोचं, साधारण पाच सेंटिमीटर जाड. अशी वीस रचली की मीटरभर उंची, 50 किलो, आणि खाली जागा किती, तर एका कागदाएवढी! तेवढ्याच उंचीचे ढीग एक चौरस मीटरभर रचले तर 800 किलो होतात. वर्गाचा स्लॅब डिझाइन करताना चौरस मीटरला साधारण 200 ते 300 किलो धरतात, पुस्तकांच्या स्टॅक रूमला मात्र 600-700 किंवा त्याहून जास्त.

आणि अख्ख्या बिल्डिंगवर वगैरे काही वाटलं जात नाही हो. स्लॅब वजन देतो आजूबाजूच्या बीमना, बीम कॉलमला, कॉलम खाली फुटिंगला, म्हणजे त्याच्या पायाला, आणि तिथून जमिनीत. खोली चौकोनी असेल तर चारही बाजूंचे बीम वाटून घेतात, पण लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर जवळजवळ सगळं दोन लांब बाजूंच्या बीमवरच येतं. दुसऱ्या टोकाच्या कॉलमला तुमच्या रॅकचा पत्ताही नसतो. स्लॅबच्या मधोमध ठेवणं सगळ्यात वाईट, कडेला बीमवर ठेवलं तर बरंच बरं.

तिसरा_मजला: कडेला बरं, पण फक्त स्लॅबसाठी. बीमच्या वाट्याचं वजन त्यानं कमी होत नाही, उलट सगळे रॅक एकाच भिंतीला लावले तर त्या एका बीमवरच येतं. आणि भिंत पार्टिशनची असेल तर खाली बीम असेलच असं नाही, नुसती भिंत दिसते म्हणून विसंबू नका.

आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायला विसरला म्हणून लायब्ररी खचतेय, ही गोष्ट कितीतरी विद्यापीठांत सांगतात, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लायब्ररीबद्दलही सांगतात. ती दंतकथाच. लायब्ररी म्हणून बांधलेल्या इमारतीत ते वजन धरलेलं असतं, मला भीती वाटते ती अशा वर्गांची, ज्यांची नंतर गुपचूप स्टोअररूम होते.

खडूफळा: हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे एका वर्गात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला लागले, आधी कोपऱ्यात, मग खांद्यापर्यंत, मग खिडकीसुद्धा झाकली गेली. पहिली खूण त्या खोलीत दिसलीच नाही, ती दिसली खालच्या मजल्यावर. तिथला दरवाजा चौकटीला घासायला लागला, शिपाईमामांनी दोनदा रंधा मारला तरी पुन्हा घासायचा. मग कुणीतरी वर बघितलं तर बीमच्या पोटाला मधोमध उभे तडे, एकात नाणं जाईल एवढा. त्याच दिवशी खाली टेकू लावले आणि गठ्ठे उतरवले, पण मधले आधी काढायचे हेसुद्धा इंजिनिअरनं येऊन सांगावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही बिल्डिंगमध्ये गेलो की माझी नजर आधी छताकडे जाते. रॅक हलवायच्या आधी मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तोंडी होकारावर जाऊ नका.

पानोपानी: सगळ्यांचे मनापासून आभार. रीमचं गणित आज ऑफिसात सगळ्यांसमोर रीम मांडूनच दाखवलं, त्यानंतर साठ पोरांचा विषय कुणी काढला नाही. ड्रॉइंगसाठी लेखी अर्ज दिलाय. तळमजल्यावर एक खोली आहे, तिथली फरशी थेट जमिनीवर टेकलेली आहे का, खाली बेसमेंट वगैरे नाही ना, तेही विचारलंय. तोवर रॅक आहेत तिथंच राहतील.